शेजारच्या सीटचा ब्रेक

माझी मोठी बहीण लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक तिच्या. शिकणारा घाबरून भलतंच काहीतरी दाबून बसला तर ताईचा पाय तयार असतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटेल, ही बाई फुकट फिरायला निघाली आहे. हाताची घडी, नजर खिडकीबाहेर आणि तोंडाची टकळी चालू. समोरच्या इमारतीतल्या बाईने गॅलरी कशी बंद करून घेतली, आजकालचे टोमॅटो कसे नुसते पाणी असतात, आपल्या नवऱ्याला स्वतःचे मोजे कसे सापडत नाहीत. शिकणाऱ्याला वाटतं, मॅडमचं लक्षच नाही, आता जे करायचं ते आपल्यालाच. तेच तर तिला हवं असतं. "माझा पाय दिसला की तो स्वतःचा पाय वापरायचं सोडून देतो," असं ती म्हणते. तिच्याकडे शिकून गेलेली कितीतरी माणसं आजही पैज लावून सांगतील की मॅडमच्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हताच.

मी तिच्यासारखी नाही. मी दाताच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. दाढ ठणकत असलेल्या माणसाला "बसा हं, डॉक्टर येतीलच" असं गोड आवाजात सांगणं हे माझं काम, त्यामुळे घरी पोचेपर्यंत माझा सगळा गोडवा संपलेला असतो. माझा राग नाकावर आणि ताईचा कुठे असतो ते आमच्या आईलाही शेवटपर्यंत सापडलं नाही. तरी ताईच्या दुखण्यात मीच तिच्याबरोबर होते, म्हणून हे मी सांगते आहे.

गाठ तिला स्वतःलाच लागली, आंघोळ करताना, डाव्या स्तनात. तिने कोणाला न सांगता डॉक्टर गाठला, तपासणी करून घेतली आणि मग एका रविवारी आम्हाला जेवायला बोलावून, ताटं उचलून झाल्यावर सांगितलं. म्हणे, आधी सांगितलं असतं तर तुमचं जेवण झालं नसतं. ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठींमध्येही आजार निघाला, म्हणून डॉक्टरांनी सगळ्या अंगाचा स्कॅन करायला लावला. तो आम्हाला नुसता सोपस्कार वाटला होता, एकदा करून टाकायचा आणि पुढे जायचं.

डॉक्टर आमच्याच वयाच्या बाई होत्या, बोलायला सरळ. त्यांनी पडद्यावर ताईच्या पोटाचं चित्र लावलं, राखाडी रंगाचं, आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली.

"यकृतावर इथे एक ठिपका दिसतो आहे."

"म्हणजे काय आहे ते?" भावोजींनी विचारलं. भावोजी म्हणजे ताईचा नवरा. ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस ते बघतात, फळ्यावर रस्त्याच्या खुणा काढून शिकवतात आणि एरवी फारसं बोलत नाहीत.

"नक्की सांगता येत नाही. साधी पाण्याची गाठ असू शकते. पुष्कळ जणांना असते, जन्मभर कळतही नाही. किंवा मग आजार तिथपर्यंत गेलेला असू शकतो."

गेलेला असला तर काय, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग तो बरा होणारा आजार राहत नाही. औषधांनी लांबवत न्यायचा, जितकी वर्षं जमतील तितकी. नसला तर ताई रेडिएशन घेईल, गोळ्या घेईल आणि म्हातारी होईल. एवढाच फरक.

"सुई घालून बघा ना मग," मी म्हटलं.

"इतक्या लहान ठिपक्यात सुई बसत नाही. थोडा मोठा असता तर..." आणि बाई थांबल्या. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं. मग म्हणाल्या, "रेडिएशन आणि गोळ्या सुरू करू. सहा महिन्यांनी परत स्कॅन करू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी मोठी यंत्रं, त्या बोगद्यासारख्या भोकात माणसाला घालून अर्धा तास ठोकाठोक केल्यासारखे आवाज काढतात, आणि शेवटी उत्तर काय, तर नक्की सांगता येत नाही. एवढं तर मीसुद्धा सांगितलं असतं, यंत्राशिवाय. पण ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मी मूग गिळून बसले.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर ती थांबली. मला वाटलं चक्कर आली. पण ती म्हणाली, "टिटवीला यातलं काही कळता कामा नये."

टिटवी म्हणजे तिची एकुलती एक मुलगी. पाळण्यात असताना असा गळा काढायची की खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारायचे, तेव्हापासून टिटवी. आता ती पूल बांधणारी इंजिनिअर आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करते. ऑपरेशनच्या वेळी रजा काढून आली, आईचे केस विंचरले, ड्रेसिंग केलं आणि रजा संपल्यावर परत गेली. तिला समुद्रापलीकडे एका मोठ्या पुलाचं काम मिळालं होतं. दोन वर्षं तिकडेच राहायचं, मधे येणं कठीण. कॉलेजात असल्यापासून ती याच्यामागे होती. आणि निघायची तारीख नेमकी पुढच्या स्कॅनच्या आसपास येत होती. ठिपका म्हणजे आजार असेल, तर या दोन वर्षांत ताई कितपत धडधाकट असेल, कोण सांगणार. नसेल, तर पोरीने हातातली संधी का सोडायची? जायचं की राहायचं हे त्या ठिपक्यावर होतं, आणि ठिपका बोलत नव्हता.

"कळलं तर ती जाणार नाही," ताई म्हणाली. "आणि उद्या ते काहीच निघालं नाही तर? फुकट पाणी सोडायचं तिने सगळ्यावर?"

भावोजींनी मान हलवली. मला ते पटलं नव्हतं, पण टाके ओले असलेल्या बाईशी पायऱ्यांवर भांडायचं माझ्याही जिवावर आलं. संध्याकाळी टिटवीचा फोन आला तेव्हा ताई म्हणाली, "साफ आहे गं. काही नाही."

मग वाट बघणं सुरू झालं. ते कसं असतं हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्याने केलं आहे त्याला सांगायला नको. ताईने त्या ठिपक्याचं नाव पाहुणा ठेवलं. "पाहुण्याला कधी निघताय असं विचारायचं नसतं," म्हणायची. सुरुवातीला आम्ही हसायचो. मग तिला उजव्या कुशीत जरा टोचलं, आंबट ढेकर आली, भूक लागली नाही किंवा जास्तच लागली, की घरात सगळ्यांची तोंडं बंद व्हायची. पोटात वायू धरला तरी संशय पाहुण्यावर. भावोजी दिवसभर गाड्या धूत राहायचे. धुतलेल्या गाड्या परत धुवायचे. त्यांच्या फोनवर त्यांनी काय काय शोधून वाचलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं, आणि विचारलं की फोन खिशात जायचा.

लोकांचं तर विचारू नका. ज्यांना ज्यांना कळलं होतं त्यातल्या प्रत्येकाला एक ओळखीची बाई आठवायची, जिला असंच काहीतरी होतं आणि काहीच नव्हतं. शेजारीण म्हणाली, "मन प्रसन्न ठेवायचं, म्हणजे आजार जवळ येत नाही." मी तिला विचारलं, मग माझी बहीण काय रडकी होती का आधी, म्हणून आला? तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं.

सगळ्यात वाईट होतं ते वेगळंच. ठिपका वाढला तर सुई घालता येणार, मग कळणार. वाढला नाही तर काय आहे ते कळणार नाही. कळावं असं सगळ्यांना वाटत होतं, आणि वाढावा असं तोंडाने कोण म्हणेल? एकदा मी तिच्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेले. ती आरशासमोर उभी होती, उजव्या बरगडीखाली हात दाबून. मला बघितलं नव्हतं तिने. "काय असशील ते हो एकदाचा," असं ती हळू आवाजात म्हणाली. मी कपडे घेऊन तशीच मागे फिरले.

रेडिएशन संपल्यावर ती कामावर गेली. सगळ्यांनी सांगितलं थांब, पण घरी बसून ती वेडी झाली असती. कातडी भाजून काळी पडली होती आणि सीटबेल्टचा पट्टा बरोबर तिथूनच जायचा, म्हणून पट्ट्याखाली ती मऊ टॉवेलची घडी ठेवायची. शिकणाऱ्यांना वाटायचं, मॅडमना घाम फार येतो.

पहिल्यांदा मेकॅनिकच्या लक्षात आलं. तो भावोजींना म्हणाला, "मॅडमच्या गाडीचे ब्रेक-पॅड इतक्या लवकर कसे गेले? आत्ता तर बदलले होते." भावोजींनी ते मला सांगितलं, नुसतं सांगितलं, पुढे काही बोलले नाहीत. म्हणून एका रविवारी, तुझ्याबरोबर बाजारापर्यंत येते असं सांगून मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

गाडी चालवत होती एक फुलवाली. पन्नाशीची, गोल, बडबडी बाई. बाजारात तिचं फुलांचं दुकान होतं. माल पोचवायला नवरा जायचा. त्याचे गुडघे गेले, म्हणून आता ही व्हॅन चालवायला शिकत होती. चालवताना ती गाडीशी बोलायची, "चल गं बाई, चल." एरवी अशा बाईबरोबर ताईने काय धमाल उडवली असती. पण ताई गप्प होती. हाताची घडी नव्हती. दोन्ही हात मांडीवर, डोळ्यांत तेल घालून रस्त्याकडे बघत बसलेली.

फुटपाथवर एक माणूस उभा होता, तो रस्त्यावर येईल की नाही ते माहीत नव्हतं. ताईने ब्रेक मारला. तो आला नाही. उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडेलसं वाटलं, ब्रेक. रस्त्यावर झाडाची सावली हलली, ब्रेक. कागदाची पिशवी उडाली, ब्रेक. खरोखरचं काही येण्याच्या कितीतरी आधी गाडी थांबलेली असायची. आणि फुलवाली दर वेळी खूश होऊन मान वळवायची.

"बघितलंत मॅडम? कशी अलगद थांबवली! पूर्वी धक्का बसायचा."

ताई म्हणाली, "हं. छान."

खाली उतरल्यावर मी तिला म्हटलं, "ती नाही थांबवत आहे, तू थांबवते आहेस."

"तू दाढा सांभाळ," ती म्हणाली. "गाड्यांचं मी बघते."

फुलवालीची परीक्षा एका रुंद, मोकळ्या रस्त्यावर झाली. समोर कोणी आलंच नाही. ती पास झाली आणि ऑफिसात पिवळ्या फुलांचा एवढा मोठा गुच्छ देऊन गेली.

त्यानंतर ती परत आली ती गळ्यात हात बांधून, प्लास्टर घातलेला. माझी सुट्टी होती, मी ऑफिसात ताईबरोबर चहा पीत बसले होते. फुलवाली दारातूनच माफी मागायला लागली. मॅडमचं नाव खराब केलं म्हणे. बाजाराच्या मागच्या वळणावर तिची व्हॅन सरळ गोदामाच्या भिंतीवर जाऊन आदळली होती. मनगट मोडलं होतं, काच फुटून कपाळाला टाके पडले होते. भिंतीशी कोणी उभं नव्हतं हे नशीब.

"वेगात होतात का?" ताईने विचारलं.

"छे हो. हळूच होते. भिंत तर मला लांबूनच दिसत होती." मग ती जरा लाजली. "हसू नका हं मॅडम. मी वाट बघत होते. तुमच्या गाडीत कशी वेळेवर थांबायची, तशी थांबेल म्हणून. माझ्या पायाला आठवलंच नाही."

ताई हसली नाही. तिचा चेहरा एवढा पांढरा पडला की फुलवालीच तिला बसा बसा म्हणायला लागली. ताईने तिला सांगितलं की चूक तुमची नाही, माझी आहे. हात बरा झाला की परत या, पहिल्यापासून शिकवीन. फुलवालीला ते मॅडमचं मोठं मन वाटलं. आणखी आभार मानत ती निघून गेली.

फळ्यावर भावोजींनी काढलेला 'पुढे रस्ता बंद'चा मोठा लाल गोल होता. ताईने फोन उचलला.

"कोणाला करतेस?"

"टिटवीला."

"अगं, आता? तारीख जवळ आली आहे. आणि गाडी आणि पोरगी एक नाही."

"त्या बाईला भिंत दिसत तरी होती," ताई म्हणाली. "टिटवीला तर मी ती दिसूही देत नाहीये."

तिने फोनवर सगळं सांगितलं. ठिपका, सुई, आपण खोटं बोललो, सगळं. पलीकडून असा आवाज आला की मला टेबलाच्या या बाजूला ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवी बॅग घेऊन दारात उभी.

"मला काय समजता तुम्ही? बाहुली आहे मी?" ती आईवर ओरडली, बापावर ओरडली, आणि मग माझ्याकडे वळली. "आणि मावशी, तू? तू तर कोणाच्या बापाला घाबरत नाहीस. तूसुद्धा तोंडाला कुलूप लावून बसलीस?"

ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मी जात नाही. कळवून टाकते त्यांना."

"रिपोर्ट येऊ दे," ताई म्हणाली. "मग काय ते ठरव. पण ठरवायचं तू."

त्या दिवसापासून घरात सगळ्यांचा जीव त्या रिपोर्टवर टांगलेला होता. भावोजींनी गाड्या धुणं सोडून घरातल्या खिडक्या धुवायला घेतल्या. बॅग उघडीच पडून होती, अर्धी भरलेली, अर्धी रिकामी. वाईट रिपोर्ट आला तर रिकामी करायची आणि चांगला आला तर भरायची, एवढं सोपं आम्हाला ते वाटत होतं.

दुसऱ्या स्कॅनच्या रिपोर्टला आम्ही चौघं गेलो. खुर्च्या तीनच होत्या, मी उभी राहिले. डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, आधीचं आणि आत्ताचं.

"वाढलेला नाही," त्या म्हणाल्या. "आहे तेवढाच आहे."

भावोजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ताई मात्र त्या दोन चित्रांकडे बघत होती.

"म्हणजे तो आजार नाही?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वाढला नाही ही चांगली गोष्ट आहे. पण तुम्ही या काळात गोळ्या घेत होतात. गोळ्यांनी तो दबला असेल, म्हणून तेवढाच राहिला असेल. किंवा मुळातच काही नसेल. या चित्रांवरून मला ते वेगळं करता येत नाही. सहा महिन्यांनी परत बघू."

"अंदाजे तरी सांगा," टिटवी म्हणाली. "साठ टक्के, सत्तर टक्के? मला परदेशी जायचं आहे, दोन वर्षांसाठी. मी गेले, आणि..." ती थांबली. "जाऊ की नको?"

"आकडा सांगितला तर तो मी मनाने बनवलेला असेल," डॉक्टर म्हणाल्या. "मला माहीत असतं तर खरंच सांगितलं असतं."

पूर्वी मला त्यांचा राग आला होता. त्या दिवशी आला नाही. कोणावर काढावा असा रागच उरला नव्हता, आणि मला तर त्याशिवाय उभंही राहता येत नाही. परतताना गाडीत भावोजी सारखं म्हणत होते, "वाढला नाही ना, वाढला नाही ना."

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नकोत. टिटवी घरात भुतासारखी फिरायची. आईने खोकलं की वळून बघायची. एकदा जेवता जेवता चमचा खाली ठेवून म्हणाली, "आई, तू सांग. राहा म्हण, राहते. जा म्हण, जाते. मी चिडणार नाही."

ताईने स्वतःच्या ताटातला भात चमच्याने सारखा केला. "मी काही म्हणणार नाही."

"का पण?"

"मी म्हटलं की तू तेच करशील, म्हणून."

मी मात्र म्हटलं. भांडी पुसताना टिटवीला गाठलं आणि सरळ सांगितलं, पूल काय, पुन्हा मिळतील, आई एकच आहे. ती म्हणाली, "माहीत आहे गं मावशी." आणि ताटली पुसतच राहिली, कोरडी झाली तरी.

शेवटी एका सकाळी, मी दवाखान्यात कामाला जाताना डोकावले तेव्हा, तिघंही चहा घेत बसले होते आणि टिटवीचे डोळे सुजलेले होते. ती कपाकडे बघत बोलायला लागली. "मी इथे राहिले तर रोज तुझ्या तोंडाकडे बघत बसेन, आई. तुला ते आवडणार नाही. आणि सहा महिन्यांनी परत हेच सांगतील, मग परत सहा महिने. मी किती वाट बघू? काही झालं तर पहिल्या विमानाने येईन. मी जाते."

ताई म्हणाली, "बरं." मग उठली आणि जाड स्वेटर कुठे ठेवलेत ते बघायला आत गेली.

मी त्या पोरीशी निघेपर्यंत धड बोलले नाही. माझं काळीज नुसतं जळत होतं. ताई बॅग भरत होती, मोज्यांचे गोळे करून बुटांत कोंबत होती, डोकेदुखीच्या गोळ्या कुठे ठेवल्या ते सांगत होती, आणि एवढ्या उत्साहात की मला वाटलं, खरंच हिला काही वाटत नाही की काय. विमानतळावर तिने टिटवीच्या शर्टाची कॉलर सरळ केली. टिटवी तिला मिठी मारताना डाव्या बाजूला दाब पडू नये म्हणून तिरकी उभी राहिली. मग माझ्याकडे आली. मी तिला जवळ घेतलं, काय करणार. लहानपणी माझ्या मांडीवरच तर किंचाळायची.

"रागावू नकोस ना गं," ती कानात म्हणाली.

काचेच्या दारातून ती आत गेली. रांगेत एका उंच माणसामागे गेली आणि दिसेनाशी झाली. ताई तरी हात हलवत होती.

परतताना भावोजी गाडी चालवत होते आणि ताई मागे माझ्याजवळ बसली. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं. बरंच अंतर गेल्यावर ती खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "मला वाटलं होतं, ती राहील."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मग म्हणायचंस की! तिने विचारलं होतं तुला, तोंडाने विचारलं होतं!"

"म्हटलं असतं तर राहिली असती," ताई म्हणाली.

पुढे भावोजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. त्यांना पुढचं दिसत नसावं. आम्ही तिघंही तशीच बसून राहिलो. शेजारून गाड्या जात होत्या. ताई रडत होती, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला तशी बघत होते. मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता. बरं होईल, असं मला म्हणायचं होतं, पण ते मला माहीत नव्हतं, आणि तिला आता माहीत नसलेलं काही सांगण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. टिटवीचा मेसेज होता: विमानात बसले. खरं सांग आई, तू ठीक आहेस ना? नसशील तर अजून उतरता येईल.

ताईने तो दोनदा वाचला. "काय लिहू?"

"ती खरं विचारते आहे. खरं लिही."

तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: मी मजेत आहे. पोचलीस की आधी जेवून घे. मग फोन माझ्या हातात दिला, कारण तिला बटण दिसत नव्हतं. मी तो मेसेज पाठवून दिला.